मारियानंतरचे अकरा महिने : एका प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

३ मार्च

प्रदर्शनात वादळाचं एकही छायाचित्र लावायचं नाही, हे आज ठरलं. वाकलेली झाडं, उसळलेला समुद्र, उपग्रहातून दिसणारा तो पांढरा भोवरा हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि त्यातून कळत काहीच नाही. २० सप्टेंबर २०१७ ला सकाळी सव्वासहाच्या सुमारास मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोच्या आग्नेय किनाऱ्यावर याबुकोआजवळ धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. बेट तिरकं कापून ते त्याच दिवशी वायव्येकडून समुद्रात उतरलं. १९२८ नंतर या बेटानं एवढं ताकदवान वादळ पाहिलं नव्हतं. एवढंच असतं तर एक फलक पुरला असता. पण शेवटच्या घरांत वीज यायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट उजाडला. आपला विषय तो मधला काळ आहे, त्यामुळे पहिल्या फलकावर तारीख पडेल २१ सप्टेंबर.

प्रदर्शन बघणारे बहुतेक जण आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेणारे स्वयंसेवक असतील. त्यांना पोर्तो रिको म्हणजे काय हे दोन ओळींत सांगावं लागेल. कॅरिबियन समुद्रातलं बेट, तेव्हाची वस्ती सुमारे ३३ लाख, १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात. लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. २०१६ पासून बेटाच्या तिजोरीवर वॉशिंग्टननं नेमलेलं वित्तीय मंडळ बसलेलं. हे राजकारण फलकावर कशाला, असं एकानं विचारलं. कारण मदत कोण पाठवणार, किती आणि कधी, हे सगळं त्यावर ठरत होतं.

८ मार्च

निवृत्त वीज अभियंता असलेले काका आज दोन तास बसले. वीज यायला अकरा महिने का लागले, हा त्यांचा आवडीचा प्रश्न. त्यांनी बेटाचा नकाशा पुढ्यात घेतला आणि पेन्सिलीनं तीन रेघा मारल्या. मोठी वीजनिर्मिती केंद्रं दक्षिण किनाऱ्यावर. सर्वांत जास्त मागणी उत्तरेला, सान हुआन आणि आसपास. मधे आडवी डोंगररांग. म्हणजे वीज डोंगर चढून-उतरून जाणार, ती ज्या मनोऱ्यांवरून जाणार ते झाडीत, कड्यांवर, जिथे गाडीरस्ता धड नाही. वादळानं निर्मिती केंद्रांचं जे केलं त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान या वाहिन्यांचं केलं. "केंद्र चालू आहे आणि गाव अंधारात आहे, यात काही नवल नाही," काका म्हणाले.

त्यावर पैशांचं दुखणं. सरकारी वीज कंपनीनं जुलै २०१७ मध्येच, म्हणजे वादळाच्या अडीच महिने आधी, सुमारे ९ अब्ज डॉलरच्या कर्जापायी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. झाडं छाटणं, खांब बदलणं ही कामं वर्षानुवर्षं मागे पडलेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इर्मा वादळ नुसतं बाजूनं गेलं तरी दहा लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली होती. त्यातले पुष्कळ जण मारिया आलं तेव्हा अजून अंधारातच होते. दुरुस्तीचं ३० कोटी डॉलरचं कंत्राट माँटाना राज्यातल्या एका चिमुकल्या कंपनीला दिलं गेलं. वादळ आलं तेव्हा तिच्याकडे पूर्णवेळ नोकर होते दोन. बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबरअखेर ते रद्द झालं. काका हसले नाहीत. म्हणाले, हे फलकावर मोठ्या अक्षरात घाला.

१४ मार्च

रेडिओचा फलक झाला. मोबाइलचे सुमारे ९५ टक्के मनोरे बंद पडलेले, हवामानखात्याचं रडार वाऱ्यानं उडवलेलं. बॅटरीवरच्या रेडिओवर सान हुआनचं एक मध्यमलहरी केंद्र लागत होतं आणि सगळं बेट ते ऐकत होतं. लोक केंद्रावर चालत जाऊन निरोप देत: आई अमुक गावात आहे, कुणी पाहिली का. फलक छोटा आहे, छोटाच ठेवू.

१९ मार्च

उतुआदोचं चित्र अखेर जमलं. डोंगरातला तालुका, खालून नदी. पूल वाहून गेला आणि पलीकडची वस्ती तुटली. लोकांनी काय केलं? पुलाच्या उरलेल्या भागापासून पलीकडे तारेचा दोर ताणला, त्याला कप्पी लावली आणि कप्पीला दुकानातली सामानाची ढकलगाडी टांगली. पाणी, अन्न, इंधन त्या गाडीतून. माणसं शिडीनं नदीत उतरून पलीकडे. वस्तीनं स्वतःचं नाव ठेवलं: विसरलेल्यांची छावणी. पत्रकार येऊ लागले, त्यांच्यामागून मदत येऊ लागली.

चित्रकार मैत्रीण म्हणत होती, गाडी मोठी काढू, लोक लहान. मी उलट सांगितलं. ढकलगाडी बघणाऱ्याच्या डोक्यात आपोआप राहते, तिला मोठं करायची गरजच नाही. दिसायला हवेत ते दोन्ही काठांवरचे हात. दोर कोण ओढणार, कुठल्या घराला आधी द्यायचं, म्हातारं माणूस एकटं असेल तर त्याच्या दारापर्यंत कोण नेणार, या वाटणीशिवाय कप्पी हा नुसता लोखंडाचा तुकडा आहे. तिनं तीन रेखाटनं केली. तिसरं घेतलं.

या चित्राच्या शेजारी उमाकाओ तालुका. पुंता सांतियागो या किनारवस्तीतल्या लोकांनी चौकातल्या डांबरावर भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलं: आम्हाला पाणी आणि अन्न हवं. वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला वाचता यावं म्हणून. फोन नाही, रस्ता नाही, तर रस्त्यालाच पत्राचा कागद केला. त्या हवाई छायाचित्राच्या परवानगीसाठी पत्र पाठवलंय. नाही मिळाली तर रेखाटन.

२३ मार्च

अन्नाचा फलक. इथे दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवायच्या आहेत आणि त्यांची स्पर्धा लावायची नाही.

एक, होसे आंद्रेस. नावाजलेला आचारी, वादळानंतर थोड्याच दिवसांत सान हुआनला पोहोचला आणि तिथल्या एका उपाहारगृहात स्थानिक आचाऱ्यांबरोबर चुली पेटवल्या. पुढे बेटभर स्वयंपाकघरं उभी राहिली, त्याच्या वर्ल्ड सेंट्रल किचननं ३० लाखांहून जास्त जेवणं वाढली. पाकिटबंद शिध्यापेक्षा ताजं, ओळखीच्या चवीचं अन्न लवकर आणि स्वस्तात देता येतं, हे त्यानं सरकारी यंत्रणेला दाखवून दिलं. त्या यंत्रणेशी त्याचे खटकेही उडाले.

दुसरी, काग्वास गावातलं परस्पर-साहाय्य केंद्र. ही मंडळी वादळाआधी काही वर्षं विद्यापीठाच्या आवारात सामाजिक भोजनालय चालवत होती. नियम असा, की जेवणाच्या बदल्यात पैसे द्या, नाहीतर शिधा आणा, नाहीतर काम करा. फी-वाढीच्या विरोधातल्या आंदोलनांतून आलेली ही पोरं. वादळ गेल्यावर त्यांनी काग्वासमध्ये तेच मांडलं, फक्त पातेली मोठी केली. पुढे एक रिकामी पडलेली सरकारी इमारत ताब्यात घेऊन तिथे बस्तान बसवलं. रांगेत उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी कांदे चिरायला बसलेला असे. हळूहळू अशी केंद्रं बेटाच्या इतर भागांतही निघाली.

आकडेवारी सांभाळणाऱ्या मित्राचं म्हणणं, ३० लाख विरुद्ध काही शेकडो, यात तुलना काय. तुलना नाहीच. पहिल्यानं भूक भागवली. दुसऱ्यानंही भागवली, पण त्यातून गावाकडे एक चालू यंत्रणा उरली. संध्याकाळी या फलकाचा मजकूर लिहिताना सगळ्या प्रदर्शनाचा कणा हाताला लागला असं वाटतंय. ज्या वस्त्या लवकर उभ्या राहिल्या त्या वादळाची तयारी करून बसल्या नव्हत्या. त्या आधीच कशासाठी तरी भांडत होत्या. फीवाढ, खाण, जमीन, लष्कर, काहीही. एकमेकांचे दरवाजे माहीत होते, बैठक कशी घ्यायची माहीत होतं, कोण बोलघेवडा आणि कोण कामाचा हेही माहीत होतं.

पुढचे फलक हे तपासून बघायचे. सगळीकडे बसतंय का.

२९ मार्च

अद्हुंतासमध्ये बसतं. इतकं चपखल, की या फलकावर जास्त वेळ घालवला.

डोंगरातलं कॉफीचं गाव. तिथे उघड्या खाणीतून तांबं काढायचा सरकारचा बेत होता. त्याला विरोध करायला १९८० मध्ये कासा प्वेब्लो ही संघटना निघाली. अलेक्सिस मासोल गोन्सालेस, त्यांची पत्नी तिंती देया आणि गावकरी. पंधरा वर्षं झगडून १९९५ मध्ये खाणबंदीचा कायदा झाला आणि पुढे खाणीसाठी ठरलेल्या डोंगरावर लोकांनी सांभाळायचं जंगल घोषित झालं. २००२ मध्ये मासोल यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. संघटना स्वतःची कॉफी विकून खर्च भागवते, अनुदानावर डोळा नाही. आपल्या गुलाबी घराच्या छपरावर त्यांनी १९९९ मध्येच सौरपट्ट्या बसवल्या होत्या. तेव्हा वादळाचा विचार कुणाच्या मनात नव्हता. वीज कुणाच्या हातात असावी, हा त्यांचा वाद होता.

मारिया गेलं आणि गावात दिवे होते ते फक्त त्या घरात. लोक फोन भरायला आले, वाफारा घ्यायचं यंत्र घेऊन दम्याचे रोगी आले. संस्थेनं हजारो सौरकंदील वाटले. पण मला त्याच्या पुढची पायरी महत्त्वाची वाटते. त्यांनी प्राधान्यक्रम लावला. आधी ज्यांचा जीव विजेवर अवलंबून आहे ती घरं, म्हणजे घरी डायलिसिस करणारे, श्वसनयंत्रावरचे, औषधं थंड ठेवावी लागणारे. मग गावाचा व्यवहार ज्यांच्यावर चालतो ती दुकानं. त्यात केशकर्तनालयही होतं. माणूस बाकड्यावर बसून चार शब्द बोलतो ती जागा चालू राहिली पाहिजे, हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटला. मार्च २०२३ मध्ये गावाच्या चौकाभोवतीच्या व्यवसायांना जोडणारं, बॅटऱ्यांसह सौरऊर्जेचं छोटं जाळं सुरू झालं. त्याची मालकी स्थानिक ना-नफा संघटनेकडे आहे.

काकांनी फलक वाचून एक शंका काढली: सावली, बॅटरीचं आयुष्य, दहा वर्षांनी बदलायचा खर्च कोण देणार? रास्त आहे. म्हणूनच तिथे जोडलेले व्यवसाय विजेचे पैसे भरतात आणि शिल्लक देखभालीला व गावातल्या पुढच्या कामांना जाते. ही ओळ वाढवली. फुकट वीज असा समज नको व्हायला.

२ एप्रिल

शेतीचा फलक आटोपशीर. कॉफी आणि केळी झोपली, वर्षाचं पीक गेलं. १९८९ पासून काम करणाऱ्या ऑर्गानिसासिओन बोरिक्वा या शेतकरी संघटनेनं कामाच्या तुकड्या काढल्या. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. पडलेली झाडं उचलणं, वाफे धरणं, बियाणं वाटून घेणं. याही मंडळींची ओळख जुनीच. कणा टिकतोय.

६ एप्रिल

आजचा फलक रुक्ष आहे आणि मला तोच सर्वांत उपयोगी वाटतो. कागदपत्रं.

घर दुरुस्तीसाठी फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेकडे अर्ज करायचा, तर घर तुमचं आहे हे सिद्ध करा. बेटावर असंख्य घरं आजोबांच्या जमिनीवर, चुलत्याच्या परसात, कधी काळी ताब्यात घेतलेल्या पडीक जागेवर उभी आहेत. पिढ्यान् पिढ्या राहतायत, पण खरेदीखत नाही. तिथल्या कायद्यानं ही मालकी बेकायदा ठरत नाही, कागदाशिवायही हक्क असू शकतो. तरी हजारो अर्ज फेटाळले गेले. तिथल्या वकिलांच्या गटांनी गावोगाव शिबिरं घेतली, अपिलं लिहून दिली आणि फेमाशी भांडून २०१८ मध्ये एक साधा प्रतिज्ञालेख मान्य करून घेतला: हे घर माझं, कसं ते असं. गंमत म्हणजे मान्य झालेला नमुना फेमानं स्वतःहून लोकांपर्यंत पोहोचवलाच नाही. ते कामही वकिलांनी आणि वस्तीतल्या बायकांनी दारोदार केलं. २०२१ मध्ये फेमानं देशभरासाठी नियम सैल केले, त्यामागे हे भांडण आहे.

तोपर्यंत छपरावर निळी ताडपत्री. लष्कराच्या अभियंत्यांनी सुमारे ६०,००० घरांवर ती ठोकली. तात्पुरती म्हणून दिलेली, वर्षं काढली तिनं. या फलकाची पार्श्वभूमी निळी ठेवायची, एवढा एकच अलंकार.

प्रशिक्षणार्थींसाठी तळाशी रिकामी चौकट सोडली आहे: "तुमच्या वस्तीतल्या किती घरांकडे कागद आहेत?" उत्तर त्यांनी लिहायचं.

१३ एप्रिल

मृतांचा आकडा. हा फलक कसा करायचा यावर आठवडाभर घासाघीस चालू होती.

ऑक्टोबर २०१७ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प बेटावर आले तेव्हा अधिकृत आकडा १६ होता. डिसेंबरात ६४. आणि ६४ वरच तो कित्येक महिने अडकला. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की खोटं आहे, कारण शवागारं भरलेली होती. मे २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ३,२९९ घरांचं सर्वेक्षण करून अंदाज मांडला ४,६४५, मात्र त्याचा पल्ला ७९३ ते ८,४९८ इतका रुंद. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठानं मृत्युनोंदी तपासून फेब्रुवारी २०१८ पर्यंतचे जादा मृत्यू काढले: २,९७५. २८ ऑगस्ट २०१८ ला राज्यपालांनी तोच अधिकृत आकडा म्हणून स्वीकारला.

मित्रानं "जादा मृत्यू" समजावण्यासाठी आलेख केला. एरवी त्या महिन्यांत किती माणसं गेली असती आणि प्रत्यक्षात किती गेली, यातला फरक. बेट सोडून गेलेल्यांची वजावट करावी लागते, नाहीतर हिशेब चुकतो. डोक्यावर छप्पर पडून गेलेला माणूस मोजायला सोपा. पण प्राणवायूचं यंत्र बंद पडलं, इन्सुलिन खराब झालं, डायलिसिस चुकलं, रस्ता नव्हता म्हणून रुग्णवाहिका आली नाही, त्यांच्या दाखल्यावर लिहिलं जातं हृदयविकार, मधुमेह. आपत्तीतला मृत्यू कसा नोंदवायचा याची माहिती डॉक्टरांना दिलेलीच नव्हती. हार्वर्डच्या पाहणीत नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश वैद्यकीय उपचार उशिरा मिळाल्यानं किंवा खंडित झाल्यानं झालेले. गरीब नगरपालिकांत धोका जास्त आणि फेब्रुवारी संपत आला तरी तो उतरला नव्हता. म्हणजे सान हुआनमध्ये दिवे लागले तेव्हा डोंगरात माणसं अजून वादळानंच मरत होती.

१ जून २०१८ च्या सुमारास लोकांनी सान हुआनच्या विधानभवनासमोर चपला-बूट आणून मांडले. हजारो जोड. अनेकांमध्ये चिठ्ठ्या. सरकार मोजत नाही तर आम्ही मोजतो. फलकावर आधी चपला की आधी आलेख? मी आलेखाच्या बाजूनं होतो. चपलांनी डोळे भरतात आणि माणूस पुढच्या फलकाकडे सरकतो. मैत्रीण म्हणाली, डोळे भरलेला माणूसच आलेख वाचतो. मतदानात ती जिंकली.

१७ एप्रिल

आज पाहुणीनं सगळे कच्चे फलक पाहिले. आपत्तीनंतर मानसोपचाराचं काम केलेली बाई. तिचं पहिलंच वाक्य: "सगळे फारच हुशार आणि चिवट दिसतात तुमच्या प्रदर्शनात. मोडलेलं कुणी नाही?"

तिचा मुद्दा पटला. लोकांच्या चिवटपणाचं कौतुक सरकारला फार सोयीचं पडतं. ढकलगाडीचं चित्र छापलं की पूल बांधायची घाई कुणाला राहत नाही. म्हणून "जे जमलं नाही" अशी एक सलग भिंत करायची ठरली, कौतुकाच्या फलकांच्या बरोबर समोर.

तिथे काय काय येईल: व्हिएकेस, पोर्तो रिकोचाच भाग असलेलं छोटं बेट. हजारोंची वस्ती, अमेरिकी नौदलाला २००३ मध्ये आंदोलनानं घालवणारी. म्हणजे संघटना होती, पक्की होती. तरी रुग्णालय मोडलं ते मोडलंच, आणि डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा विमानानं मुख्य बेटावर जावं लागलं. थकून काही जण वारले. माझ्या कण्याला इथे पहिला तडा. संघटनेनं जेवण होतं, दोर ओढता येतो, छपरं होतात. डायलिसिस केंद्र होत नाही.

मग स्थलांतर. जुलै २०१७ ते जुलै २०१८ मध्ये लोकसंख्या सुमारे १.३ लाखानं, चार टक्क्यांनी घटली. तरुण गेले, म्हातारे उरले. पटसंख्या कमी म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात अडीचशेहून जास्त सरकारी शाळा बंद केल्या, म्हणजे वस्तीचं उरलंसुरलं जमायचं ठिकाणही गेलं. काग्वासजवळच्या लास कारोलिनासमध्ये लोकांनी बंद शाळेचंच स्वयंपाकघर करून म्हाताऱ्यांना डबे पोहोचवले. हा फलक कुठल्या भिंतीवर लावायचा ते ठरत नाही. दोन्ही भिंतींच्या कोपऱ्यात लावू.

आणि पोन्सेचं गोदाम. जानेवारी २०२० मध्ये भूकंपानं दक्षिण किनारा हादरल्यावर लोकांना एका गोदामात पाण्याच्या बाटल्या, खाटा, ताडपत्र्या सापडल्या. मारियाच्या वेळच्या. लोकांनी दार फोडलं. याला मजकूर लागत नाही, तारीख पुरे.

२५ एप्रिल

शेवटचा फलक फिओना वादळाचा. १८ सप्टेंबर २०२२, मारियाला पाच वर्षं व्हायला दोन दिवस बाकी. वारा मारियापेक्षा खूपच कमी, पाऊस अफाट. सगळ्या बेटाची वीज पुन्हा एका झटक्यात गेली. वीज जाळ्यासाठी फेमानं २०२० मध्ये ९.६ अब्ज डॉलर जाहीर केले होते. त्यातलं प्रत्यक्ष काम जेमतेम सुरू झालेलं. उतुआदोत मारियानंतर बसवलेला तात्पुरता लोखंडी पूल पुरानं उचलून नेला. ते चित्रीकरण जगभर फिरलं. मधल्या काळात हजारो घरांनी आपापल्या छपरांवर सौरपट्ट्या बसवून घेतल्या होत्या, त्यांच्याकडे दिवे राहिले. अद्हुंतासच्या गुलाबी घरातही.

यावर मित्र आणि काका यांची चांगलीच जुंपली. मित्राचं म्हणणं, लोक जाळ्यातून बाहेर पडले, हाच धडा. काका म्हणाले, ज्याच्याकडे पैसे किंवा कर्ज मिळवायची पत आहे तो बाहेर पडला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं छप्परच त्याचं नाही, आणि जाळं सांभाळायचा बोजा आता उरलेल्यांवर. मला दोघांचंही लिहून घ्यावंसं वाटलं, म्हणून फलकाच्या दोन बाजूंना दोघांची मतं तशीच छापायची, निकाल न देता. काकांनी स्वतःचा मजकूर तीनदा लांबवला. साठ शब्दांची मर्यादा सांगितली आहे.

राहिलेली कामं: पुंता सांतियागोच्या छायाचित्राचं उत्तर आलेलं नाही, रेखाटन तयार ठेवणं. व्हिएकेसचा फलक पाहुणीकडून तपासून घेणं. प्रतिज्ञालेखाच्या नमुन्याचं मराठी भाषांतर एका वकिलाला दाखवणं. फलकांची छपाई सोमवारनंतर.